छत्तीस अंशांचा ठिपका

१

टॅम्सिन होड सापडली तेव्हा तिचे ओठ उन्हाने फुटले होते आणि कपडे पावसाने चिंब झाले होते. एकाच दुपारी हे दोन्ही कसं, असं वेरूना गावात कुणी विचारत नाही. मार्चअखेरीस पत्र्याला हात लावता येत नाही इतकं तापतं, आणि मग दक्षिणेचा गार वारा पाऊस घेऊन येतो. तो आला की घटकाभरात माणसं स्वेटर शोधायला लागतात.

मांडीचं हाड मोडून ती घळीत पडली होती. शेजारी तिची जखमी घोडी होती, तिला संध्याकाळी गोळी घालावी लागली. टॅम्सिनचा पाय ॲडलेडच्या डॉक्टरांनी वाचवला. पण ते म्हणाले, दोन तास आधी आली असती तर पुन्हा खोगिरावर बसली असती, आता काही सांगता येत नाही.

रविवार उजाडेपर्यंत गावाला गुन्हेगार सापडला होता. फर्डी कोशेल.

टॅम्सिन जिच्यात उतरली होती ती वेरूनाची घोडदौड दिवसभर डोंगरवाटांनी चालते. तिथे फोन लागत नाहीत, म्हणून गावातल्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या, मंडळाची माणसं वाटेवरच्या फाटकांवर बसतात. आलेला घोडा मोजायचा, मैदानावरच्या बेसला रेडिओवरून कळवायचं, आणि यायला हवा तो घोडा आला नाही तर ओरडायचं. मध्ये डोंगर असल्यामुळे एका फाटकाची हाक दुसऱ्याला ऐकू जात नाही. सगळ्यांचं ऐकतो तो फक्त बेस. शेवटचं, कोरड्या विहिरीचं फाटक फर्डीकडे होतं, आणि टॅम्सिन पडली ती त्याच्या थोडी अलीकडे.

रविवारी संध्याकाळी मंडळ मैदानावरच्या हॉलमध्ये जमलं.

"मी गावात गेलो होतो, खरं आहे," फर्डी म्हणाला. तो मोठ्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. सगळं आयुष्य रेल्वेचे रूळ बसवण्यात गेलेलं. "एक टॅम्सिन सोडून सगळे घोडे होऊन गेले होते. घोड्यांच्या कुंडातलं पाणी संपलं होतं. ॲथलला विचारून गेलो, गाडीतली टाकी भरली, अडीचच्या आत परत आलो. तीनपासून हाका मारत होतो. बेस उत्तर देईना."

ॲथल प्रिस्क मंडळाचा अध्यक्ष, गावाचा जुना औषधवाला. त्या दिवशी बेसवर तोच होता. "परवानगी मी दिली होती," तो हळूच म्हणाला. "पण तुझी पहिली हाक मी ऐकली ती सव्वाचारनंतर. ऐकली आणि लगेच म्हटलं, जा, शोध."

फर्डीच्या शेजारी राहणाऱ्या क्लाइव्ह रडलने भिंतीवर छापलेला नकाशा लावला. मंडळाच्या प्रत्येक गाडीत एक ट्रॅकर असतो. तो गाडीचा ठावठिकाणा रेडिओवरून पाठवत राहतो आणि इंटरनेटवरच्या नकाशावर तिथे ठिपका उमटतो. फर्डीचा ठिपका सव्वाचार वाजता गावातल्या नळावर होता, पबच्या अगदी समोर. पुढचा ठिपका पावणेपाचला, फाटकावर.

"पाणी भरायला एवढा वेळ?" क्लाइव्ह म्हणाला. "का नळाला फेस येत होता, मित्रा?"

कुणीतरी हसलं. फर्डीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो मेरियल टॉनकिनकडे पाहत होता.

मेरियल ही शाळेतली निवृत्त बाई. हॉलमधल्या निम्म्या लोकांना रेडिओ तिनेच शिकवला होता. फर्डीही बावीस वर्षांपूर्वी पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला होता, आणि पोरांसारखंच तिला अजून 'मिस' म्हणत होता.

"तू काय म्हणतेस, मिस?"

दर वर्षी वर्गाच्या पहिल्या दिवशी ती फळ्यावर एक वाक्य लिहायची. तेच तिच्या तोंडून निघालं.

"नकाशा खोटं बोलत नाही, फर्डी."

फर्डीने टोपी घातली, खुर्ची पुन्हा रांगेत नीट लावली आणि तो निघून गेला.

२

गुरुवारच्या बैठकीत फर्डीचं नाव मंडळातून काढायचं ठरलं होतं. नकाशाचं मोठं, स्पष्ट चित्र करून आणायचं काम मेरियलकडे आलं. सोमवारी सकाळी ती चहा घेऊन कम्प्युटरसमोर बसली. मनातून तिला वाईट वाटत होतं, पण हातातलं काम ती मन लावून करायची. वाईट कामसुद्धा.

सव्वाचारच्या ठिपक्यावर तिने बोट टेकवलं. एक छोटी चौकट उघडली. त्यात फर्डीचं रेडिओवरचं नाव, जागा, आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: छत्तीस अंश.

ट्रॅकर जे पाठवतो त्याला ही मंडळी पाकीट म्हणतात. एवढासा निरोप: कोण आणि कुठे. फर्डीच्या पाकिटात आणखी एक गोष्ट असायची. मेरियलच्या वर्गातल्या पोरांनी एकदा विचारलं होतं, 'फर्डी, तू जातोस तिथे किती तापतं रे?' दुसऱ्याच आठवड्यात त्याने गाडीच्या बाहेरच्या आरशाखाली एक तापमापक बसवला आणि ट्रॅकरला जोडून दिला. पोरं तो आकडा वाचायची. मोठ्यांपैकी कुणीच वाचत नसे. रविवारी हॉलमध्ये सगळ्यांनी ठिपका पाहिला होता, ठिपक्याखालची ओळ कुणी पाहिली नव्हती. तिनेही नाही.

छत्तीस. बरोबर, शनिवार तापलाच होता. तिने कप उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

शनिवारी सव्वाचारला ती मैदानावर काय करत होती? चहासोबतच्या स्कोन-केकच्या टेबलावरचा कपडा उडाला होता आणि ती त्याच्यामागे धावत होती. गार वारा नुकताच आला होता. तिच्या हातांवर काटा आला होता, मंडळातल्या जॉयलीनने स्वतःचं स्वेटर काढून तिला दिलं होतं. पबसमोरचा नळ मैदानापासून हाकेच्या अंतरावर.

त्या वेळी वेरूनात कुठेही छत्तीस अंश नव्हते.

तापमापक बिघडला असेल. तिने पुढचा ठिपका उघडला. पावणेपाच, फाटक, एकोणीस अंश. म्हणजे तापमापक शहाणा होता.

मग सव्वाचारच्या गारठ्यात फर्डीच्या गाडीने हे ऊन आणलं कुठून?

३

पहिला संशय वाईट होता, आणि तिला तो चटकन आला. हॅम रेडिओच्या पाकिटाला कुलूप नसतं. कुणीही फर्डीचं नाव घालून, हवी ती जागा लिहून पाकीट पाठवू शकतो. आणि फर्डीच्या अँटेनाच्या उंच खांबावरून ज्याचं त्याच्याशी वर्षभर भांडण चाललं होतं, तो क्लाइव्ह त्याच्या कुंपणापलीकडेच राहत होता.

क्लाइव्ह शेडमध्ये गवत कापायचं यंत्र खोलून बसला होता.

"ये ये. फर्डीची वकिली करायला आलीस ना?"

"त्याच्या नावाने कुणी खोटं पाकीट पाठवू शकेल का, ते विचारायला आले."

"कुणी म्हणजे मी." क्लाइव्हने पाना खाली ठेवला. "हे बघ मेरियल, त्याचा खांब माझ्या जेवणाच्या टेबलावर सावली पाडतो, ते मी मेल्यावरसुद्धा त्याला सुनावीन. पण खोटं पाकीट पाठवायचं असतं ना, तर मी त्याला समुद्राच्या मधोमध दाखवला असता. शार्कच्या पोटात. पबसमोर कशाला? पबसमोर तर मीच असतो."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"शनिवारी दुपारी तू काय केलंस?"

"माझं फाटक फर्डीच्या आधीचं. दोनच्या सुमाराला टॅम्सिन माझ्याकडून गेली, शेवटची. ॲथलला कळवलं. तो म्हणाला, शाबास, आवर आणि घरी जा. घरी आलो, पाय वर केले, नकाशा उघडला. तीन वाजले असतील. काही मजा नव्हती. सगळे जागच्या जागी."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. एक ठिपका हलेल तर शपथ. म्हटलं, उन्हात सगळ्यांनीच ताणून दिली."

"घोड्यांच्या डॉक्टरच्या गाडीतही ट्रॅकर होता. ती?"

"तीपण."

"ती दिवसभर या फाटकावरून त्या फाटकावर पळत असते, क्लाइव्ह."

क्लाइव्हने कपाळाला हात लावला. त्याच्या कपाळावर यंत्राचं काळं तेल लागलं होतं, ते तसंच राहिलं.

"हे रविवारी का नाही बोललास?"

"कुणी विचारलं का?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "नळाला फेस येतो म्हणालो ना मी त्याला. सगळ्यांसमोर."

मेरियल बाहेर पडली. एका माणसाचा ठिपका कुणी लबाडीने हलवू शकतो. पण सगळ्यांचे ठिपके एकदमच थांबवले कुणी?

४

टेकडीवर मंडळाचं एक छोटं केंद्र आहे. उन्हावर चालणारी पेटी आणि एक दांडा. डोंगरांतल्या गाड्यांची पाकिटं ते उचलतं आणि गावाकडे पुढे ढकलतं. त्याची देखभाल जॉयलीन हेन्शॉ करायची. ते बंद पडलं असेल तर सगळे ठिपके थांबतील, आणि जॉयलीनने चूक झाकायला तोंड मिटलं असेल, असं मेरियलच्या मनात आलं. तीन दिवसांत तिने तीन शेजाऱ्यांवर संशय घेतला होता. संशयाला एकदा दार उघडलं की तो जेवायलाच बसतो.

"बंद? माझं केंद्र?" जॉयलीनने तिच्यापुढे लॅमिंग्टन केकची थाळी सरकवली. "खा आणि मग शिव्या दे. अगं, स्वयंपाकघरातला हा रेडिओ मी दिवसभर चालू ठेवते. टेकडीवरून पाकीट निघालं की तो किर्रर्र करतो. शनिवारी मी तिसऱ्या प्रहरी सँडविचं न्यायला घरी आले होते ना, तेव्हाही रातकिड्यासारखा किरकिरत होता. माझं केंद्र घामाघूम झालं होतं पण उभं होतं."

"मग टेकडीवरून निघालेली पाकिटं गेली कुठे?"

"हॉलमधल्या कम्प्युटरकडे, तिथून इंटरनेटवर, तिथून नकाशाकडे. हे मी तुला सांगायचं का मिस? तूच शिकवलंस."

"हॉलमध्ये इंटरनेट आहे?"

"कुठलं! नाताळात उंदरांनी वायर खाल्ली. तेव्हापासून ॲथलच्या फोनवरूनच चालतं. फोन टेबलावर ठेवायचा, कम्प्युटर त्याच्यावरून घेतो." जॉयलीनने किटली ठेवली. "तुला माझं स्वेटर परत द्यायचंय, लक्षात आहे ना? माझा नवरा त्या दिवशी, हिरवळीवर गोळे घरंगळवतात ना, त्या बोल्सच्या फायनलवरून भिजलेल्या कोंबड्यासारखा आला. वारा आला आणि डाव मोडला. जिंकत होते म्हणे. तेही निम्म्यावर चौथा गडी बदली मिळाला म्हणून, नाहीतर तिघांत कसले जिंकतात!"

मेरियलने लॅमिंग्टन परत थाळीत ठेवला. नारळाचा कीस टेबलावर सांडला.

त्या संध्याकाळी अँब्युलन्सचा निरोप आला तेव्हा ॲथल हॉलमधून धावत तिच्याजवळ आला होता. त्याच्या पायांत पांढरे बूट होते आणि बुटांना हिरवं, ओलं, बारीक कापलेलं गवत चिकटलं होतं. मैदानावर त्या उन्हाळ्यात हिरवं गवत औषधालाही नव्हतं. तिने ते पाहिलं होतं. एवढ्या चिखलात पांढरे बूट कशाला, इतकंच मनात आलं होतं.

चौथा गडी कोण, हे तिने जॉयलीनला विचारलं नाही. तिला ते ऐकायचं नव्हतं.

५

ॲथलने तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात मध्यरात्रीही औषधं आणून दिली होती. त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. ती आली तेव्हा तो गुलाबांची छाटणी करत होता.

"बस ना. चहा टाकतो."

"नको. ॲथल, शनिवारी दुपारी तुझा फोन कुठे होता?"

तू कुठे होतास, असं तिने विचारलं असतं तर त्याने बहुतेक काहीतरी सांगितलं असतं. फोनबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्याने तयार ठेवलेलं नव्हतं. कात्री उघडीच राहिली.

"माझ्या खिशात," तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं.

ती बाकावर बसली. वर्गात सांगते तसं सावकाश सांगू लागली, कारण घाईत सांगितलं असतं तर तिला रडू आलं असतं.

"पाकिटात कोण आणि कुठे असतं, ॲथल. केव्हा, हे नसतं. टपालाच्या पाकिटावर निघाल्याचा शिक्का असतो, आपल्यावर तोही नाही. नकाशापर्यंत ते ज्या क्षणी पोचतं, तीच त्याची वेळ धरली जाते. दोनच्या सुमाराला फर्डी नळावर पाणी भरत होता, तेव्हा तू फोन खिशात टाकून हॉलबाहेर पडलास. कम्प्युटरची वाट तुटली. त्याच्याकडे पाकिटं येतच राहिली. फर्डी नळावर, फर्डी रस्त्यावर, फर्डी फाटकावर. डॉक्टरची गाडी इथे, डॉक्टरची गाडी तिथे. सगळी त्याने पोटात धरून ठेवली. म्हणून क्लाइव्हला कुणी हलताना दिसलं नाही. मग वारा आला, तुमचा डाव मोडला, तू फोन घेऊन परत आलास, आणि सगळी थप्पी एका दमात नकाशावर जाऊन पडली."

"मग नुसता नळावरचाच ठिपका का दिसला?" ॲथलने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तोही तिचाच विद्यार्थी होता.

"कारण नकाशा शहाणपणा करतो. एका क्षणात गाडी नळावर आणि दुसऱ्या क्षणात डोंगरातल्या फाटकावर, हे शक्य नाही असं त्याला वाटतं. पहिलं पाकीट तो ठेवतो, बाकीची खोटी समजून टाकून देतो. अर्ध्या तासाने उभ्या गाडीचं नेहमीचं पाकीट आलं, ते त्याला पटलं. म्हणून फर्डी सव्वाचारला गावात आणि पावणेपाचला फाटकावर. पण नळावरचं पाकीट ऊन सोबत घेऊन आलं होतं. छत्तीस अंश. ते दुपारचं होतं."

एक पाकळी ॲथलच्या बाहीवर पडली. ती त्याने झटकली नाही.

"तिघेच होते," तो म्हणाला. "अर्धा तास म्हणून गेलो. सगळे घोडे होऊन गेले होते, एकटी टॅम्सिन तेवढी राहिली होती, आणि पुढे फर्डी होताच. एक डाव, मग दुसरा. मी चांगला खेळत होतो, मेरियल. परत आलो, रेडिओसमोर बसलो, आणि तो बोलत होता. आवाज पार बसला होता त्याचा. किती वेळ हाका मारत होता ते त्या आवाजावरूनच कळलं."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी सांगणार होतो. देवाशपथ. पण क्लाइव्हने नकाशा लावला, आणि मला वाटलं, असेलही. असेलही तो पबमध्ये. माझी एक चूक, त्याची एक चूक. त्याने तुला विचारलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो. म्हटलं, ही काहीतरी विचारेल. ही नेहमी विचारते." तो थांबला. "तू म्हणालीस, नकाशा खोटं बोलत नाही. तू तसं म्हटल्यावर मग मला काही बोलावंच लागलं नाही."

मेरियल त्याला सुनवायला बरंच काही मनात जुळवून आली होती. त्यातलं एकही वाक्य आता उच्चारण्याजोगं राहिलं नव्हतं.

"होडच्या घरी तू आधी जा," ती उठत म्हणाली. "गुरुवारच्या आधी. गावातून त्यांना कळायला नको."

"तू येशील बरोबर?"

"नाही. मला दुसरीकडे जायचंय."

६

फर्डी खांब उतरवत होता. दोर कमरेला गुंडाळून एकटाच तो मोठा दांडा इंचाइंचाने खाली आणत होता. तिने दोराचं दुसरं टोक धरलं. त्याने धरू दिलं. दांडा जमिनीला टेकल्यावरच ती बोलली. फोन, हॉल, वारा, छत्तीस अंश, सगळं सांगितलं. बुटांना लागलेलं गवतही.

फर्डीने तारा गुंडाळणं थांबवलं नाही.

"म्हणजे पोरांचा तापमापक कामी आला," तो म्हणाला.

"फर्डी, मी चुकले. सगळ्यांसमोर चुकले, तर सगळ्यांसमोरच सांगीन."

"सांग की." त्याने वेटोळं खांद्यावर टाकलं. "पण तू मला बावीस वर्षं ओळखत होतीस, मिस. आणि त्या ठिपक्याला एक संध्याकाळ."

वरून काळे काकाकुवे ओरडत गेले. 

"तू भांडला का नाहीस?" तिने विचारलं. "खरं तुझ्या बाजूला होतं."

"कसलं खरं?" तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "तीननंतर कधीतरी मी घोडी खिंकाळलेली ऐकली. घळीच्या बाजूने, एकदाच. म्हटलं, होडच्या कुरणातली असेल. तू शिकवलंस ना, बेसला विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही, एकाने जागा सोडली की साखळी तुटते. मी माइक घट्ट धरून बसलो. विचारत राहिलो, उत्तर येईना, पुन्हा विचारत राहिलो. चालत गेलो असतो तर दहा मिनिटं, मिस. शेवटी ॲथल म्हणाला जा, तेव्हा गेलो. ती शुद्धीत होती. काय म्हणाली माहितेय? 'मला तुझा आवाज ऐकू येत होता, फर्डी. तू सारखा कुणाला तरी हाका मारत होतास.'"

मेरियलला बसायला काही दिसेना, म्हणून ती त्या आडव्या खांबावरच बसली.

"नियम मी शिकवला होता," ती म्हणाली. "तो कधी मोडायचा, ते नाही शिकवलं."

"ते मला शिकवायला लागायला नको होतं," फर्डी म्हणाला आणि तारा घेऊन शेडमध्ये गेला. तिला त्याने जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती निघाली.

७

गुरुवारी हॉल भरला होता. ॲथल आदल्या दिवशी होडच्या घरी जाऊन आला होता. तिथे काय झालं ते कुणी त्याला विचारलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, बोल्सच्या डावासकट, आणि अध्यक्षपद सोडत हॉलची किल्ली टेबलावर ठेवली. क्लाइव्हने भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे शेवटपर्यंत काखेत धरून बसला. मग मेरियल उठली. तिने फर्डीचं नाव घेतलं, आपलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं आणि सांगितलं की त्या दिवशी तिने प्रश्न विचारायला हवा होता, त्याऐवजी उत्तर दिलं.

फर्डी आला नव्हता; त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून माफी मागणं फार सोपं असतं, हे तिला बोलता बोलताच कळलं.

शनिवारी रेडिओचा नेहमीचा वर्ग होता. या वर्षीची पोरं नवी होती, पण वाक्य त्यांना मोठ्या भावंडांकडून पाठ झालेलं. ती दारातून आली तशी सगळी एका सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग मिस, नकाशा खोटं बोलत नाही!"

तिने डस्टर उचललं. फळा कोराच होता, तरी तिने तो पुसला.

"आजपासून ते बंद," ती म्हणाली.

"का? बोलतो का तो खोटं?" पुढच्या बाकावरच्या इम्मीने विचारलं. तिचे पुढचे दोन्ही दात नुकतेच पडले होते.

"नाही. जे पोचलं तेवढं सांगतो. वाटेत किती वेळ गेला ते त्याला माहीत नसतं, आणि माहीत नाही असं तो कधी म्हणत नाही."

"मग खरं काय ते कुणाला विचारायचं?"

"ज्याचा ठिपका आहे, त्याला," मेरियल म्हणाली. "सगळ्यांच्या आधी त्याला. आणि त्याचं बोलून होईपर्यंत आपण गप्प राहायचं."

"फर्डीला विचारू? आज किती तापलंय ते?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि पोरांनी कम्प्युटरभोवती गर्दी केली.

फर्डीचा ठिपका करडा पडला होता. अपघाताच्या संध्याकाळी अँब्युलन्सची वाट पाहताना टॅम्सिनच्या उशाशी दिवा लावायला त्याने ट्रॅकरची बॅटरी काढून नेली होती, ती पुन्हा लावलीच नव्हती. त्यामुळे नकाशाला त्याचा शेवटचा ठाव तेवढा माहीत होता. इम्मीने त्यावर बोट टेकवून मोठ्याने वाचलं, "एकोणीस अंश. मिस, तो तर अजून तिथेच आहे!"

मेरियलने वाकून पाहिलं. कोरड्या विहिरीच्या फाटकावर, आपल्या जागेवर, तो अजून तिथेच होता.